विसाव्या वर्षी भंगार, पन्नासाव्या वर्षी वारसा. मधल्या गाडीचं काय?

कारंजा तालुक्यातल्या कामरगावसारख्या कुठल्याही मोठ्या गावात बाजाराच्या दिवशी चक्कर मारा. गॅरेजच्या मागं, जिनिंगच्या कुंपणाला लागून किंवा एखाद्या वाड्याच्या आवारात हमखास एक जुनी मारुती व्हॅन नाहीतर मेटॅडोर उभी दिसेल. टायर बसलेले, काचेवर धूळ, आत कोंबड्या नाहीतर तुराट्या. दहा वर्षांपूर्वी तिच्याकडं फक्त भंगारवाला बघायचा. आता गावातली पोरंही बघतात. कारण मोबाइलवर त्यांनी रील पाहिलेली असते: गंजलेली व्हॅन, मग पत्र्याचं काम, मग दोन रंगांत चमकणारी बॉडी, आत गादी, मागं डोंगर आणि शेवटी ‘सोल्ड’ असा शिक्का.

आयटीआयला मोटार मेकॅनिकचा ट्रेड केलेला, हातात काम असलेला, पण नोकरीसाठी पुण्याला जावं की नको या विचारात अडकलेला मुलगा ही रील बघून म्हणतो, ‘हे तर आपणही करू शकतो.’ करू शकतोच. पाना चालवण्याबद्दल शंका नाही. प्रश्न कागदाचा आहे. आणि गेल्या चार-पाच वर्षांत जुन्या गाडीच्या कागदाचा नियम इतक्या वेळा बदललाय, की भल्याभल्या एजंटांचाही घोळ होतो. म्हणून हा धंदा नेमका कुठं बसतो, ते नीट बघू.

व्हिंटेज म्हणजे नेमकं काय?

बोलताना आपण कुठल्याही जुन्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणतो. कायद्यात मात्र या शब्दाला ठरलेला अर्थ आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं मोटार वाहन नियमांत बदल केला. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी म्हणजे व्हिंटेज. अट अशी, की ती मूळ रूपात हवी. चॅसी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार झालेला नको.

अशा गाडीला स्वतंत्र नंबर मिळतो. राज्याचं अक्षर, त्यापुढं ‘व्हीए’, मग दोन अक्षरांची मालिका आणि चार आकडे. आधीपासून नोंदलेली गाडी असेल तर तिचा जुना नंबर ठेवता येतो. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, त्यानंतरच्या नोंदणीला ५ हजार. विकली तर विकणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं ९० दिवसांच्या आत आपापल्या परिवहन कार्यालयाला कळवायचं. आणि मोठी मेख म्हणजे ही गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, दुरुस्ती आणि पेट्रोल-डिझेल भरणं, एवढ्यासाठीच तिनं रस्त्यावर यायचं.

आता आपल्या आवारातल्या गाड्यांना ही पट्टी लावा. मारुतीची व्हॅन बाजारात आली १९८४ साली. पुढं तिचं नाव ओम्नी झालं आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे देशातली अगदी पहिली मारुती व्हॅनसुद्धा व्हिंटेज होणार २०३४ मध्ये. तोपर्यंत ती नुसती ‘जुनी’.

जुनीला दर वेगळा

जुनीचा हिशेब वेगळाच चालतो. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. चारचाकीसाठी हे शुल्क पूर्वी ६०० रुपये होतं. १ एप्रिल २०२२ पासून ते ५ हजार झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये आणखी एक पायरी आली: गाडी २० वर्षांपेक्षा जुनी असेल तर १० हजार. परदेशातून आणलेली चारचाकी असेल तर ८० हजार. नूतनीकरण राहून गेलं असेल तर चारचाकीला महिन्याला ५०० रुपये उशिराचे. चार वर्षं गाडी कोंबड्यांच्या ताब्यात असेल तर नुसता उशीरच २४ हजारांचा. शिवाय राज्याचा पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि उच्च सुरक्षा नंबर प्लेट. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या सगळ्या गाड्यांना महाराष्ट्रात ही प्लेट सक्तीची आहे. चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी. ती नसेल तर नाव बदलण्यासारखी कामं अडतात.

एक गंमत बघा. वीस वर्षांवरच्या गाडीला पाच वर्षांसाठी १० हजार, म्हणजे वर्षाला २ हजार. व्हिंटेजला दहा वर्षांसाठी २० हजार, म्हणजे तेही वर्षाला २ हजार. दर सारखाच. फरक आहे तो सन्मानाचा. पन्नाशी गाठली की सरकार म्हणतं, हिला जपा. विशीत म्हणतं, हिला सोडा. मधली तीस वर्षं गाडीनं कुणाच्या भरवशावर काढायची, याचं उत्तर नियमात नाही.

आणि जी गाडी त्या तीस वर्षांत भंगारात गेली, ती व्हिंटेज होणार कशी?

१५ वर्षं झाली की भंगार? नाही!

गावागावांत पसरलेला एक गैरसमज इथंच दूर करू. ‘पंधरा वर्षं झाली, आता गाडी भंगारातच द्यावी लागते,’ असं सांगून मातीमोल भावात गाड्या उचलणारे फिरतात. महाराष्ट्रात खासगी गाडीला अशी वयाची सरसकट बंदी नाही. ती भानगड दिल्ली आणि आसपासच्या भागातली. तिथं हरित लवादाच्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळं डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांची मर्यादा आली आणि तिच्यावरून अजूनही कोर्टकज्जे चालू आहेत. पंधरा वर्षांचा पक्का नियम आहे तो सरकारी गाड्यांना. १ एप्रिल २०२३ पासून त्यांच्या नोंदणीचं नूतनीकरणच होत नाही. म्हणून जुन्या सरकारी जीप आणि रुग्णवाहिका लिलावात दिसल्या, तरी त्या रस्त्यावर आणायचं स्वप्न बघू नका. त्या पत्रा आणि पार्ट म्हणूनच घ्यायच्या.

ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेलं भंगार धोरण खासगी मालकासाठी ऐच्छिक आहे. अधिकृत केंद्रात गाडी दिली तर प्रमाणपत्र मिळतं आणि नवी गाडी घेताना त्यावर सवलत मिळते. पण ज्याला नवी गाडी घ्यायचीच नाही, त्याला या सवलतीचा उपयोग काय? शेतमालाचे भाव बघून बैलजोडीसुद्धा पुढच्या वर्षावर ढकलणाऱ्या घरात हा प्रश्न साधा नाही.

मेटॅडोर: आपली, तरी पोरकी

विदर्भात कुठलंही चारचाकी मालवाहू वाहन म्हणजे मेटॅडोर आणि उरलेल्या महाराष्ट्रात टेम्पो. ही दोन्ही नावं एकाच कारखान्यातून आपल्या भाषेत आली. १९५८ मध्ये नवलमल फिरोदियांनी जर्मनीतल्या टेम्पो कंपनीशी करार करून बजाज टेम्पो उभी केली. सुरुवात मुंबईत गोरेगावला, मग पुण्याजवळ आकुर्डीत. आधी तीनचाकी आल्या, मग साठच्या दशकाच्या अखेरीस मेटॅडोर. पुढच्या काळात तिच्यात मर्सिडीज-बेंझच्या रचनेचं ओएम ६१६ हे डिझेल इंजिन आलं. लाखो किलोमीटर खेचणारं इंजिन म्हणून मिस्त्री लोक आजही त्याचं नाव आदरानं घेतात. कंपनीचं नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झालं. ‘टेम्पो’ हा शब्द कंपनीच्या पाटीवरून गेला, आपल्या तोंडातून मात्र गेला नाही.

कापूस जिनिंगला, तूर बाजार समितीला, वरात मुलीकडच्या गावाला आणि बाळंतीण जिल्ह्याच्या दवाखान्यात. ग्रामीण महाराष्ट्राची दोन-तीन दशकं या गाडीनं ओढली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची मेटॅडोर आज वयानं व्हिंटेजमध्ये बसते. पण तरीही ती बसत नाही! का? कारण व्याख्येत ‘खासगी वापराची’ असं म्हटलंय आणि बहुतेक मेटॅडोर पिवळ्या पाटीच्या. मालकाला आधी परमिट परत करावं लागेल, थकलेला कर भरावा लागेल, गाडी खासगीत आणावी लागेल आणि मगच पुढचं बोलणं. शिवाय ‘मूळ रूप’ कुठून आणणार? ज्या गाडीनं तीस वर्षं पोट भरलं, तिचा हौदा तीनदा बदललेला असतो आणि इंजिन दोनदा. राजवाड्याच्या गॅरेजात कापडाखाली झाकून ठेवलेली मोटार मूळ रूपात राहते. राबलेली गाडी राहत नाही. म्हणजे नकळत का होईना, आपला नियम श्रीमंताच्या गाडीला वारसा म्हणतो आणि कष्टकऱ्याच्या गाडीला भंगार.

मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनीचं असंच झालं. शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ ला. शहरातली वीस वर्षांची मर्यादा संपली आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून गेली. त्यानंतर सगळीकडं हळहळ. एक तरी जपून ठेवा, अशा मागण्या. आपल्याकडं कारंजावरून जाणारी मूर्तिजापूर-यवतमाळ शकुंतला आठवा. धावत होती तोवर तिच्या वेगावर विनोद व्हायचे, थांबली तेव्हा ती वारसा झाली. वस्तू मेल्यावर तिची किंमत कळायची, ही आपली जुनी सवय.

जर्मनीत १९९७ पासून ३० वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला ‘एच’ अक्षराची खास पाटी मिळते. इंग्लंडमध्ये ४० वर्षं झालेल्या गाडीला रस्ता करातून सूट मिळते. रीलमध्ये दिसणारी ती दोन रंगांची फोक्सवॅगन व्हॅन महाग विकली जाते, ती नुसत्या हौसेमुळं नाही. १९५० ला सुरू झालेल्या त्या गाडीचं उत्पादन ब्राझीलमध्ये २०१३ पर्यंत चाललं, त्यामुळं पार्ट मिळतात. आणि कायदा सांगतो, की ही गाडी ठेवा, आम्ही अडवणार नाही. बाजार त्या भरवशावर उभा राहतो.

धंद्याचा हिशेब

आता पैशांचं बोलू. खाली दिलेले आकडे फक्त समजावण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या गाडीचे वेगळे असतील.

समजा व्हॅन ३५ हजारांना घेतली. पत्रा, वेल्डिंग, रंग, इंजिन, टायर, सीट, वायरिंग आणि कागद मिळून ९० हजार लागले. एकूण १ लाख २५ हजार. विकली १ लाख ६० हजारांना. हातात ३५ हजार. तीन महिने रोज संध्याकाळी राबलात तर महिन्याला साधारण पावणेबारा हजार पडले. गावात राहून, वाईट नाही.

पण हेच तुम्ही दुकान टाकून, जीएसटी नोंदणी घेऊन करायला लागलात की चित्र बदलतं. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेनं जुन्या गाड्यांच्या विक्रीवर सरसकट १८ टक्के दर केला. हा कर फक्त नोंदणीकृत विक्रेत्याला आणि फक्त फरकावर लागतो. घरातली गाडी विकणाऱ्या सामान्य माणसाला तो नाही. मात्र ‘फरक’ म्हणजे विक्री किंमत वजा खरेदी किंमत. दुरुस्तीचा खर्च त्यात वजा होत नाही. आपल्या उदाहरणात फरक झाला १ लाख २५ हजार, कर २२ हजार ५००. गिऱ्हाईक १ लाख ६० हजारांच्या वर एक रुपया द्यायला तयार नसेल, तर तो कर तुमच्याच ३५ हजारांतून जाणार. उरतील साडेबारा हजार, म्हणजे महिन्याला चार हजार आणि वर काही रुपये.

घासाघीस करून गाडी नुसती इकडून तिकडं फिरवणाऱ्या दलालाला हा नियम झेपतो, कारण त्याचा फरक म्हणजेच त्याचा नफा. जो माणूस गाडीत जीव ओततो, त्याच्या मात्र मजुरीवर आणि पार्टवरही कर बसतो. जपणाऱ्यापेक्षा फिरवणारा सुखी, असा हा कायदा आहे. यावर कुणी फारसं बोलत नाही, कारण ज्यांचं नुकसान होतं ते लहान गॅरेजवाले आहेत आणि त्यांची संघटना नाही.

उतरायचंच असेल, तर आधी हे बघा

पहिलं काम पाना नाही, कागद. आरसी बुकावरचा चॅसी नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. गंजामुळं नंबर वाचता येत नसेल किंवा त्या जागेवर वेल्डिंग दिसलं तर गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नका. १९८९ च्या आधीच्या गाड्यांना तीन अक्षरांचे जुने नंबर आहेत. वाशिम जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला, त्यामुळं त्याआधीची गाडी अकोल्याच्या दप्तरात असणार. अशा गाडीची नोंद ‘वाहन’ या ऑनलाइन प्रणालीवर चढलेली आहे का, ते सौदा करण्याआधी तपासा. नसेल तर मूळ मालकाचा आरसी बुक, त्याची ओळख आणि त्याची सही, हे सगळं लागेल. मालक वारलेला असेल तर वारसांचं संमतिपत्रही. भावकीत वाद असेल तर नमस्कार करून पुढं चला.

दुसरं, नावावर करून घेणं. आपल्याकडं चिठ्ठीवर सही घेऊन गाड्या वर्षानुवर्षं फिरतात. याचा धोका विकणाऱ्याला जास्त आहे. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की अपघात झाला तर नोंदीवर ज्याचं नाव, तोच भरपाईला जबाबदार. मधे गाडी चार जणांना विकली गेली असली तरीही. म्हणजे तुम्ही हौसेनं तयार केलेली व्हॅन कुणी ठोकली, तर नोटीस येणार तुमच्या किंवा त्या म्हाताऱ्या मूळ मालकाच्या दारात. फॉर्म २९ आणि ३० भरा, विक्रीची खबर १४ दिवसांत द्या. घेणाऱ्यानं ३० दिवसांत नाव चढवायचं. धंदाच करणार असाल तर एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी अधिकृत नोंदणीची सोय आहे. गाडी तुमच्या ताब्यात आल्याची ऑनलाइन नोंद होते आणि तेवढ्या काळाची जबाबदारी तुमची होते.

तिसरं, रीलच्या नादी लागून गाडी कापू नका. छत उंच करणं, मधला पत्रा काढून खिडकी करणं, इंजिन दुसऱ्याच गाडीचं बसवणं, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतं. परवानगीविना केलेल्या प्रत्येक फेरफाराला ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. रंग बदलला तर तोही आरसीवर चढवावा लागतो. आणि घरगुती सिलिंडरवर व्हॅन चालवण्याचा जुना ‘जुगाड’ तर चुकूनही नको. त्यात माणसं जळतात.

चौथं, पुट्टीवर विश्वास नको. व्हॅन घेताना सरकत्या दरवाजाची खालची पट्टी, चाकावरच्या कमानी, फरशी आणि छताची पन्हळ हातानं चाचपा, लोहचुंबक लावून बघा. जिथं चुंबक धरत नाही तिथं पत्रा नाही, पुट्टी आहे. तुम्ही विकताना तीच पुट्टी दुसऱ्याच्या माथी मारू नका. दुरुस्तीचे आधीचे, मधले आणि नंतरचे फोटो ठेवा आणि बिलं जपा. लांबचा गिऱ्हाईक भाव देतो तो चकाकीला नाही, या फाइलला.

दुसरी बाजूही खरी

जुनी गाडी म्हणजे धूर, हे नाकारून चालणार नाही. जुन्या मेटॅडोरच्या मागं दुचाकीवर पाच मिनिटं चाललेल्या माणसाला ते सांगायची गरज नाही. जुन्या व्हॅनमध्ये चालकाच्या गुडघ्यापुढं फक्त पत्रा असतो. धडक बसली तर वाचवणारं काही नसतं. अशा गाडीतून रोज शाळेची पोरं नेणं ही हौस नाही, बेफिकिरी आहे. त्यामुळं सगळ्या जुन्या गाड्या चालू राहू द्या, अशी मागणी कुणी करू नये. महिन्यातून दोन-चारदा बाहेर निघणारी, सांभाळलेली व्हॅन आणि रोज दोनशे किलोमीटर माल ओढणारी, देखभाल नसलेली व्हॅन, या दोन्हींना एकाच वयाच्या दोरीनं बांधणं मात्र चुकीचं आहे. धूर मोजायचं यंत्र आहे, ब्रेक तपासायची केंद्रं होत आहेत. मग निकष वय कशाला? गाडीची प्रकृती हवी.

मागण्या फार मोठ्या नाहीत. तीस वर्षांवरच्या, मर्यादित वापराच्या गाड्यांसाठी एक मधला वर्ग हवा: किलोमीटरची मर्यादा, दरवर्षी तपासणी आणि त्या बदल्यात रास्त शुल्क. राबलेल्या गाड्यांसाठी ‘मूळ रूप’ याचा अर्थ थोडा सैल हवा. दुरुस्तीचा बिलासहित खर्च जीएसटीच्या फरकातून वजा व्हावा. आणि परिवहन विभागाची तालुका पातळीवरची शिबिरं जुन्या नोंदी ऑनलाइन चढवण्यासाठीही वापरली जावीत. कामरगावचं पोरगं एका सहीसाठी कारंजा ओलांडून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला वाशिमला जातं, साहेब नाहीत म्हणून परत येतं आणि तिसऱ्या फेरीला गाडी भंगारवाल्याला फोन करून देऊन टाकतं. वारसा असाच संपतो, धोरणानं कमी आणि हेलपाट्यांनी जास्त.

आयटीआयमधून दरवर्षी मेकॅनिक बाहेर पडतात. पत्रा ठोकून सरळ करणारा, कार्बोरेटर कानानं ऐकून जुळवणारा मिस्त्री मात्र आता साठीला आलाय. नव्या गाड्यांत पार्ट बदलतात, दुरुस्त करत नाहीत. त्यामुळं ही विद्या शिकायला जुन्या गाड्यांशिवाय जागा नाही. तुमच्या गावात असा मिस्त्री असेल, तर व्हॅन घ्यायच्या आधी त्याच्याकडं दोन महिने जाऊन बसा. व्हॅनचं गणित जुळलं नाही तरी ती विद्या तुमच्याकडं राहील आणि तिच्यावर नूतनीकरणाचं शुल्क लागत नाही.